घरात गाणं रेकॉर्ड करायचंय: लॅपटॉप की डेस्कटॉप?

गणपती जवळ आले की दुबई-शारजातल्या घरांत हा विषय हमखास निघतो. मुलीचं गाणं, बाबांची पेटी, शेजाऱ्यांचा तबला घरीच रेकॉर्ड करायचाय, मग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकद देतो, हे खरं. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्याच्या दुकानांत तो हवा तसा जुळवून मिळतो आणि पुढे रॅमही वाढवता येते. पातळ लॅपटॉपांत ती बहुधा पक्की बसवलेली असते, म्हणून घेतानाच 16 जीबी घ्या. रोज चाळीस-पन्नास ट्रॅकचं काम करणार असाल, तर डेस्कटॉपच बरा.

पण आपलं इथलं घर व्हिसाच्या मुदतीवर उभं! नोकरी बदलली की अबू धाबी, नाहीतर थेट पुणं. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत मावतो. शिवाय भारतात उतरताना 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप जकातीशिवाय नेता येतो. डेस्कटॉपला अशी वेगळी सवलत नाही.

खरी डोकेदुखी आवाजाची. एसीची घरघर माइक पकडतो, म्हणून गाणं होईपर्यंत एसी बंद. ऑगस्टात खोली लगेच तापते, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो आणि संथ आलापात नेमका तोच ऐकू येतो. त्यावर साधा उपाय: गाणारा आतल्या खोलीत, मशीन आणि ऑडिओ इंटरफेस बाहेर हॉलमध्ये. माइकची केबल चांगली लांब चालते, यूएसबीची मात्र 5 मीटरच्या आत ठेवा. एम चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, हा तिचा मोठा फायदा.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो? बफर बघा. सेकंदाला 44,100 नमुने घेताना 1024 चा बफर म्हणजे जाताना-येताना प्रत्येकी सुमारे 23 मिलिसेकंद उशीर, ताल सुटणारच. 128 वर तो 3 मिलिसेकंदांवर येतो, पण प्रोसेसरवर ताण वाढतो. गाताना लहान, मिक्सिंगला मोठा.

दोन-चार ट्रॅकच्या अभंगाला मध्यम लॅपटॉप पुरतो. उरलेले दिरहम 48 व्होल्टची सोय असलेल्या इंटरफेसवर आणि बऱ्या कंडेन्सर माइकवर घाला. आणि हो, यातलं काहीही उन्हात उभ्या गाडीत ठेवून लुलूमध्ये भाजी आणायला जाऊ नका.