‘मद्रासी’ म्हणजे कोण?

दिल्लीतील रामकृष्णपुरम, म्हणजेच आर. के. पुरम, ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली वसाहत. येथे सरकारी घर मिळते ते वेतनश्रेणी व ज्येष्ठता पाहून. प्रांत पाहून नव्हे. साहजिकच एकाच जिन्यावर बंगाली, पंजाबी, मराठी आणि तमिळ बिऱ्हाडे शेजारी येतात.

उत्तरेत दक्षिणेकडच्या साऱ्यांना सरसकट ‘मद्रासी’ म्हणण्याची रीत जुनी आहे. जुन्या मद्रास इलाख्यात तमिळ, तेलुगू, मलयाळी, कन्नड असे सारेच होते, हे तिचे एक कारण. १९५६ साली भाषावार राज्ये झाली, इलाखा इतिहासजमा झाला. शब्द मात्र उरला. या वसाहतीत तो अपुरा पडतो. येथील टेकडीवर १९७३ साली प्रतिष्ठापना झालेले मलै मंदिर तमिळ परंपरेचे. सेक्टर दोनमधील अय्यप्पाचे मंदिर केरळीय परंपरेचे. विरजण मागण्याच्या निमित्ताने शेजारणीची मातृभाषा कळते, आणि ‘मद्रासीण’ जाऊन तेथे एक माणूस उभे राहते.

भोजपुरी, अवधी, मैथिली अशा भिन्न बोली बोलणाऱ्यांना मुंबईत एकाच ‘भय्या’ शब्दात कोंबणाऱ्या मराठी माणसानेही हे ध्यानी घ्यावे. सरसकट नाव दुरूनच ठेवता येते. शेजारी मात्र जवळ गेल्यावाचून कळत नाही.