दसरा झाला की धाराशिवची माणसं 'कारखान्याला' जातात, म्हणजे नेमकं कुठे जातात?

शाळेत असताना आमच्या वर्गात दरवर्षी एक गोष्ट व्हायची. दिवाळीची सुट्टी संपायची, पहिल्या दिवशी हजेरी सुरू व्हायची आणि सात-आठ नावांना कुणीच 'हजर' म्हणायचं नाही. गुरुजीही थांबायचे नाहीत, पुढचं नाव घ्यायचे. ती पोरं कुठे गेलीत हे सगळ्यांना माहीत असायचं. कारखान्याला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, घरातलं कुणीतरी शिफ्टला गेलं असेल. पण धाराशिव जिल्ह्यात, त्यातही भूम, परांडा, वाशी, कळंबकडच्या गावांत, कारखान्याला जाणं म्हणजे घराला कुलूप लावायचं, म्हाताऱ्यांना मागे ठेवायचं आणि पाच-सहा महिन्यांसाठी दुसऱ्या मुलखात ऊस तोडायला जायचं. कुणी कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे जातं, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगावकडे. परदेशात स्थायिक झालेल्या लोकांचे पिवळी पानं, स्वेटर आणि कॉफीवाले रील आपण आवडीने बघतो. आपल्याच जिल्ह्यातली हजारो माणसं दर शरदात परगावी राहायला जातात, तिथलं रोजचं जगणं मात्र कुणाच्या फीडमध्ये येत नाही.

तुळजापुरात दसऱ्याला पहाटे तुळजाभवानीचं सीमोल्लंघन होतं. त्यानंतर कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत देवी श्रमनिद्रा घेते. नेमक्या याच दिवसांत गावागावात मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. टोळीत कोण पक्कं, कोण कच्चं, गाडी कधी येणार याची बोलणी होतात. २०२५ मध्ये १ नोव्हेंबरपासून गाळपाला परवानगी असल्यामुळे बऱ्याच घरांना दिवाळी घरी करता आली. हंगाम लवकर सुरू झाला तर दिवाळी फडातच होते.

मुळात जातात कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, कारण ऊस धाराशिवमध्येही आहे. ढोकीचा तेरणा कारखाना आहे, रांजणीला नॅचरल शुगर आहे. पण ज्याच्याकडे दोन-अडीच एकर कोरडवाहू आहे, त्याचं वर्ष सोयाबीनवर असतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीचं पाणी परांडा भागात गावांत शिरलं, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. भूम-परांड्याच्या शेतांतलं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी दारात एकरकमी पैसे घेऊन येणारा माणूस एकच असतो. मुकादम.

या एकरकमी पैशाला म्हणतात उचल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' आणि उचल कोयत्यामागे मिळते. ती पन्नास हजार असू शकते, लाख असू शकते, त्याहून जास्तही. हा पगार नाही, काम करून फेडायची उसनवारी आहे. पैसे हंगामाच्या आधी येतात आणि लग्न, दवाखाना, आधीचं देणं यांत निघण्याआधीच खर्च होतात.

आता हिशोब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांत तोडणी दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. टनाला २७३ रुपयांच्या आसपासचा दर ३६६ च्या आसपास गेला. (मुकादमाचं कमिशन वेगळं.) समजा एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला. ७३२ रुपये झाले, दोघांचे मिळून. एक लाखाची उचल फेडायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही सुट्टी न घेता १३६-१३७ दिवस. आणि हंगाम शंभर दिवसांतच आटोपला तर? ७३,२०० रुपये फिटतात, २६,८०० अंगावर राहतात. त्याला म्हणतात बाकी. ती पुढच्या दसऱ्याला नव्या उचलीतून वळती होते.

शिवाय या साडेचार महिन्यांत खायचं काय, हे या हिशोबात धरलेलंच नाही. तो खर्च वाढ्यांवर निघतो. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तो जनावरांना चालतो, म्हणून तोडणारे त्याच्या पेंढ्या बांधून आसपासच्या दूधवाल्या शेतकऱ्यांना विकतात. तेल-मीठ-मिरचीचा रोख पैसा तेवढाच.

तिथला दिवस

राहायला कोपी. बांबू, चटई किंवा पाचट आणि वरून ताडपत्री. आत उभं राहायला वाकावं लागतं. बाई पहाटे तीन-चारला उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडायच्या आत दोघं फडात असतात. गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, मग दोघंही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत भरतात. ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर भरणी रात्री अकराला. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत दव पडलेलं पाचट म्हणजे ओला कपडा गुंडाळून पात्यांत काम करण्यासारखं.

एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. त्यामुळे ताप, पाळी, बाळंतपण, सगळं 'नंतर बघू' मध्ये जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यामागे इतरही कारणं आहेत, पण एक दिवसाची रजा दंडाशिवाय मिळत नसेल तर बाई कुठला उपचार निवडेल, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

पत्ता धाराशिवचा, माणूस कोल्हापुरात

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे सरकारी सोय माणसाला मिळत नाही, पत्त्याला मिळते. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरी कित्येक आधार कार्डांवर अजून उस्मानाबादच आहे, ते सोडा.)

रेशनचं बघा. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या दुकानातही घेता येतं. थोडं तिकडे आणि उरलेलं घरच्या म्हाताऱ्यांनी गावात घेतलं तरी चालतं. नियम चांगला आहे. पण दुकान दिवसा उघडतं, तेव्हा हे फडात. आणि कोयता धरून घासलेल्या बोटाचा ठसा मशीन पटकन घेत नाही. दुकानात दोन चकरा म्हणजे एक खाडा.

शाळेचं तसंच. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावं असं धोरण ठरलं आणि साखरशाळा मागे पडल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण कोपी गावाबाहेर, फड दर आठ-पंधरा दिवसांनी बदलणारा आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला दुसरं कुणी नाही. मूल गावातच ठेवायचं तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण ते आपल्या गावात वेळेवर सुरू झालं तर. दिवाळीनंतर सुरू होऊन उपयोग नाही, गाडी आधीच गेलेली असते. २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. त्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरली आहेत.

आणि मतदान. २०२४ मध्ये गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं, विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. टपाली मतदान सैनिकांना आहे, ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना आहे. ऊसतोड मजुराला नाही. मत द्यायचं तर गाडीभाडं काढून, खाडा सोसून गावी यायचं.

मजुरांची नोंद गावपातळीवर ग्रामसेवकाने करायची आणि ओळखपत्र द्यायचं, असंही २०२१ मध्ये ठरलं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढाच वाटा सरकारकडून, अशी पैशाची तजवीजही आहे. म्हणून तुमच्या गावातून कुणी यंदा गेलं असेल, तर त्यांचं ओळखपत्र झालंय का हे ग्रामपंचायतीत नक्की विचारा.

२०२४ चा दरकरार तीन हंगामांचा होता, त्यातला २०२५-२६ चा शेवटचा. पुढचा दर ठरेल तेव्हा ही माणसं फडातून परतलेली असतील, आणि पुढच्या दसऱ्याची उचल कुणी कुणी घेतलेलीही असेल.