जिप्सीला घाम फुटतो तेव्हा...

स्थळ : वरंधा घाट. वेळ : मे महिन्यातली रणरणती दुपार. महाडहून भोरकडे चढताना दादाच्या जुन्या जिप्सीचा टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफेचा फवारा! मागच्या सीटवर आई. 'ही गाडी विकून टाक,' एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तह झाला. रेडिएटर बदलायचा, आईला पुन्हा त्याच घाटातून आणायचं. गाडी तापली, तर विकायची. बोला!

१९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण क्रेझ कायम आहे. मात्र सेकंडहँड गाडी घेताना आपण टायर बघतो, रंग बघतो. रेडिएटरकडे कोण बघतं?

आधी तपासणी, मग खरेदी

गाडी तापली म्हणजे रेडिएटरच गेला, असं नाही. थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो, पंख्याचा बेल्ट सैल असू शकतो, झाकणाचं रबर वाळलेलं असू शकतं. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका! इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

आमचा रेडिएटर मात्र खरंच गेला होता. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी टाकी उघडली, तर आत पिवळट चिखल. गळती थांबवायला आधीच्या मालकानं चक्क हळद ओतली होती! या जुगाडानं भोक बुजतं खरं, पण सोबत बारीक नळ्याही बुजतात.

तांबं-पितळ की अॅल्युमिनियम?

अॅल्युमिनियमचा रेडिएटर हलका, दिसायला चकाचक आणि थंड ठेवण्यातही कमी नाही. पण बऱ्याच रेडिएटर्सच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. प्लास्टिकला तडा गेला, तर आडगावात दुरुस्ती जवळपास अशक्य. तांबं-पितळेचा जड असतो, पण त्याला डाग देता येतो, जुन्या टाक्या ठेवून नुसता आतला कोअर बदलता येतो.

'दादा, गाडी कुठं फिरवणार ते आधी सांगा,' मिस्त्री म्हणाले. लाख मोलाचा प्रश्न! रोज ऑफिस आणि हायवे असेल, तर अॅल्युमिनियम घ्या, बिनधास्त. आमचे वीकएन्ड कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर जातात. आम्ही नवा तांब्याचा कोअर बसवला.

जाड म्हणजे भारी?

दादाला नळ्यांच्या चार ओळींचा कोअर हवा होता. मिस्त्रींनी तीनवर थांबवलं. घाटात गाडी हळू चालते, समोरून वारा येत नाही, सगळी मदार पंख्यावर. कोअर फार जाड झाला, तर पंख्याला हवा ओढता येत नाही आणि मागच्या ओळींना मिळते ती आधीच तापलेली. पंख्याभोवतीचं कव्हर काढून ठेवलं असेल, तर आधी ते बसवा. त्याच्याशिवाय पंखा कोअरच्या सगळ्या भागातून हवा ओढत नाही.

दुकानात जाताना

* गाडी ९७० सीसी की १३०० सीसी, ते सांगा. जुना रेडिएटर सोबत न्या. पाइपची तोंडं, बोल्टची भोकं आणि जाडी ताडून पाहा.
* झाकण ठरलेल्या प्रेशरचंच घ्या. जास्त प्रेशरचं लावलं, तर जुने सांधे उकलतात.
* बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.
* होसपाइप कडक झाले असतील, तर तेही बदला.
* इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. कधीच!

पुढच्या महिन्यात पुन्हा महाड, पुन्हा तोच घाट. या वेळी आई पुढच्या सीटवर, नजर रस्त्याऐवजी काट्यावर. काटा मध्यावर गेला आणि तिथंच राहिला. घाटमाथ्यावर दादानं गाडी उभी केली. आईनं बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, 'चल, भोरला चहा पाज.'

जिप्सी अजून आमच्याच दारात आहे!