पैठणची एस.टी. आणि पैठणीची पारख

लग्नसराई जवळ आली की कापड व्यापारी सुरतेला जातो, भिवंडी आणि इचलकरंजीच्या मालाची चौकशी करतो. मात्र ज्या गावाच्या नावावर दुकानातील सर्वात किमती साडी विकली जाते, त्या पैठणला स्वतः जाऊन माग पाहून आलेले दुकानदार आमच्या केडगावात किंवा नगरच्या कापडबाजारात थोडेच सापडतील. वास्तविक पैठण आपल्या शेजारी आहे. सकाळी निघालेला माणूस काम उरकून रात्री घरी येतो.

केडगावहून पाच-सहा किलोमीटरवर नगरचे बसस्थानक. तेथून शेवगावची गाडी धरावी. करंजी घाट, तिसगाव, अमरापूर करीत शेवगाव येते. शेवगावहून घोटणमार्गे पैठण. सारा प्रवास साधारण शंभर किलोमीटरचा. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर शेवगावला गाडी बदलावी. एस.टी.चा आणि आपल्या गावाचा संबंध जुना आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातील पहिली एस.टी. पुणे-नगर मार्गावर धावली आणि हा रस्ता केडगावातूनच जातो. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. तेव्हा घरातील महिलांना जरूर बरोबर न्यावे. साडीची पारख त्यांना आपल्यापेक्षा अधिक असते.

पैठण जवळ आले की नाथसागराचे पाणी दिसू लागते. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे आणि १०२ टी.एम.सी.ची साठवण. या पाण्याखाली आपल्या जिल्ह्यातील शेवगाव, नेवासे भागातील गावेही गेली. मुळा-प्रवरेचे पाणी शेवटी गोदावरीतून येथेच येते. या पाण्यावर मराठवाड्याची शेती, छत्रपती संभाजीनगर शहर आणि तेथील कारखाने चालतात. थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. काठावर तासभर बसावे, मन ताजे होते. मात्र व्यापाऱ्याने खरा वेळ गावातील मागांसाठी राखावा. नाथषष्ठीच्या दिवसांत फार गर्दी असते, त्या वेळी मालाच्या कामासाठी जाऊ नये.

पैठणची तिजारत आजची नाही. सातवाहनांची ही राजधानी. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असून येथून माल गाड्यांत भरून बंदरावर जातो, अशी नोंद त्याने केली. त्याच पुस्तकात तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून जाणाऱ्या कापडाचाही उल्लेख आहे. पुढे निजामाच्या काळात पैठणीला आश्रय मिळाला. मध्यंतरी हे हुनर बुडण्याच्या बेतात आले, तेव्हा राज्य सरकारच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणात केंद्र काढून नव्या मुलामुलींना विणकाम शिकवले.

मागाजवळ दहा मिनिटे उभे राहिले तरी पैठणी महाग का, हे समजते. पदरावरील मोर किंवा मुनिया यंत्राने उमटत नाही. कारीगर ताण्याचे धागे मोजतो आणि निरनिराळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने एकमेकांत अडकवीत पुढे जातो. दिवसभरात पदर बोट-दोन बोटे सरकला तरी पुष्कळ. साध्या साडीला महिना लागतो, भरगच्च पदराच्या साडीला वर्षही लागते. मजुरी निघाली नाही तर त्याचा मुलगा मागावर बसत नाही, कारखान्यात नोकरी शोधतो.

आता बाजाराची हकीकत. गेल्या लग्नसराईत एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी परगावच्या दुकानातून घेतलेली पैठणी घेऊन आमच्याकडे आले. किंमत हातमागाची दिली होती. साडी उलटी केली तर पदराच्या मागे कापलेल्या धाग्यांचे झुबके! माल यंत्रमागाचा होता. वर्षभर साठवलेली त्यांची रक्कम गेली आणि तेवढ्याच रकमेची एका विणकराची मजुरीही बुडाली.

म्हणून व्यापारी बांधवांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पदर उलटून पाहावा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. दुसरी, धागा जाळून पाहावा. रेशमाला जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. तिसरी, जर खरी चांदीची आहे की तांब्याची, की नुसती प्लास्टिकची, हे विचारून घ्यावे. चौथी, शिक्क्यांचा अर्थ समजून घ्यावा. ‘सिल्क मार्क’ फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो. साडी हातमागाची आहे की यंत्राची, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी ‘हॅण्डलूम मार्क’ वेगळा आहे.

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पैठणप्रमाणेच येवल्याचे विणकरही हे काम करतात. कायद्याने नाव राखले तरी गिऱ्हाईकाच्या हाती माल देतो तो दुकानदार. यंत्रमागाची साडी विकण्यात काही गैर नाही. दोन-तीन हजारांत हौस भागते आणि गरिबाच्या घरची मुलगीही मोर मिरवते. मात्र ती यंत्रमागाची म्हणून, त्याच भावाने विकावी. बिलावर ‘हातमाग’ किंवा ‘यंत्रमाग’ एवढा एक शब्द लिहिण्यास पैसा लागत नाही. गिऱ्हाईकाने तो शब्द मागावा आणि दुकानदाराने तो न मागता लिहावा.

येत्या हंगामाची खरेदी करण्यापूर्वी एक दिवस काढून पैठणची एस.टी. धरावी. दलालाकडून दहा वर्षांत जे समजत नाही, ते मागाशेजारी एका दुपारी समजते. शिवाय थेट विणकराकडून दोन साड्या जरी घेतल्या, तरी त्याची मजुरी त्याच्या हातात पडते.