ख्रिस्ती जीवनाची ओळख – भाग ७ : मोठ्यांचा वर्ग, मोठ्यांचे प्रश्न

मागच्या भागात आपण रविवारच्या मिस्सेनंतर भरणारा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग पाहिला. ती मुलं ख्रिस्ती घरात वाढलेली असतात; प्रार्थना, सणवार, क्रूसाची खूण हे सगळं त्यांच्या कानांवरून, डोळ्यांखालून आधीच गेलेलं असतं. पण जो मोठेपणी, स्वतःच्या विचारानं या श्रद्धेकडे वळतो, त्यानं कुठे शिकायचं? किती दिवस? आज कॅथलिक चर्चमधला हा मोठ्यांचा वर्ग समजून घेऊ.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. डोक्यावर पाणी ओतलं की माणूस ख्रिस्ती झाला, असं अनेकांना वाटतं. चर्चचा कायदा तसं म्हणत नाही. प्रौढाला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, द्यायचा तर त्यानं स्वतः इच्छा व्यक्त केलेली हवी, त्याला श्रद्धेचं पुरेसं शिक्षण मिळालेलं हवं आणि त्याचं जगणंही पारखलेलं हवं. या कायद्यात ‘प्रौढ’ म्हणजे अठरा वर्षांचा नव्हे. समज आलेला प्रत्येक जण त्यात येतो आणि साधारण सात वर्षांपुढे ही समज गृहीत धरली जाते. कुणालाही बळजबरीनं किंवा आमिषानं श्रद्धेकडे ओढायला तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे विसाव्या शतकातल्या कॅथलिक बिशपांच्या महासभेनं, सक्त मनाई केली आहे.

जुनी पद्धत

पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती होणारे बहुतेक जण मोठेच असत. ‘प्रेषितीय परंपरा’ या प्राचीन ग्रंथात तीन वर्षांच्या शिक्षणाचा नियम आहे. मात्र मनापासून शिकणाऱ्याच्या बाबतीत वर्षं मोजू नका, त्याचं वागणं पाहा, असंही पुढे सांगितलं आहे. आणलेल्या माणसाबद्दल चौकशी होई ती त्याला घेऊन येणाऱ्यांकडे. आजचे धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या जबाबदारीचं मूळ इथे दिसतं.

चौथ्या शतकाच्या मध्यावर जेरुसलेममध्ये सिरिल यांनी स्नानसंस्काराच्या उमेदवारांना दिलेली प्रवचनं आजही उपलब्ध आहेत. श्रद्धेची कबुली, म्हणजे ‘क्रीड’, कागदावर उतरवू नका, मनावर कोरा, असं ते बजावत. ज्यांनी मौखिक परंपरेनं पाठांतर जपलं, त्या आपल्याकडच्या वाचकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण शिकवणाऱ्यानं कसं शिकवावं, याचा सर्वांत सुंदर धडा संत ऑगस्टिननं दिला. तो स्वतः बत्तिसाव्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये अँब्रोज यांच्या हातून ख्रिस्ती झाला होता. पुढे तो बिशप झाला. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्राशियस या डीकननं (धर्मगुरूखालचा सेवक) त्याच्याकडे तक्रार केली, की नवख्यांना शिकवताना माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटतं. ऑगस्टिननं उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहिलं. माणूस का आला आहे, हे आधी त्यालाच विचार, असा त्यातला एक सल्ला. शिकलेला माणूस असेल तर त्यानं काय वाचलंय ते जाणून घे. तो जांभया देऊ लागला, तर त्याला ताटकळत ठेवू नकोस, बसायला दे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या बिशपनं ऐकणाऱ्याच्या पायांचीही काळजी केली, ही गोष्ट आजच्या प्रत्येक शिक्षकानं टिपून ठेवावी अशी आहे.

पुढे तान्ह्या बाळांचा स्नानसंस्कार सर्वत्र रूढ झाला आणि मोठ्यांची ही टप्प्याटप्प्यानं होणारी तयारी मागे पडली.

सासष्टीतला एक प्रश्न

सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अंमलाखाली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली, तेव्हा मोठ्यांना शिकवायचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या अंमलाची बळजबरीही विसरता येणार नाही. जुनी देवळं पाडली गेली होती आणि जुनी पुराणं नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून काढून घेतली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी इथेच काढलं. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे.

त्या ग्रंथाची सुरुवातच एका धर्मशिक्षणाच्या वर्गात होते. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवणं चाललेलं असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो. शिकवण चांगली आहे, हे तो मान्य करतो, पण मग विचारतो, की आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्या जागी आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? या प्रश्नाचं उत्तर म्हणून गुरू ओव्यांत बायबलची कथा सांगू लागतो आणि ऐकणारे मध्येमध्ये शंका विचारत राहतात.

मोठ्या माणसाचं मन कोऱ्या पाटीसारखं नसतं. त्याच्या कानांत ओव्या असतात, स्मरणात कथा असतात, आणि त्या काढून घेतल्या की पोकळी जाणवते. स्टीफन्सनी ही पोकळी ओळखली आणि वर्गातल्या शिष्याला ती उघडपणे बोलू दिली. एका मोठ्या शिष्याच्या प्रश्नावर उभा राहिलेला असा ग्रंथ मराठीत आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आजचा वर्ग

टप्प्याटप्प्यानं होणारी तयारी परत आणा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये सांगितलं आणि १९७२ मध्ये त्याचा सविस्तर विधी प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला टप्पाच मुळी चौकशीचा आहे. यात माणसानं फक्त यायचं, ऐकायचं, विचारायचं. काहीही बांधिलकी नाही, केव्हाही थांबायची मोकळीक आहे.

थांबला नाही, तर त्याचा स्वीकारविधी होतो. कपाळ, कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवर क्रूसाची खूण केली जाते. मग बायबल, प्रार्थना, उपासना आणि सेवेचं शिक्षण सुरू होतं. त्याला वर्ष किंवा त्याहून अधिकही लागू शकतं. या काळात उमेदवारांना प्रवचनानंतर मिस्सेतून प्रेमानं निरोप देण्याची पद्धत आहे. बाहेर बसून ते नुकत्याच ऐकलेल्या वचनावर बोलतात. प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारच्या सुमारास त्यांची नावं नोंदली जातात, बहुधा बिशपांच्या उपस्थितीत.

त्या काळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थनाविधी असतो. तेव्हाची शुभवर्तमानं पाहा. विहिरीवरची शमरोनी स्त्री विचारते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? दृष्टी मिळालेला जन्मांध उलटतपासणी घेणाऱ्यांनाच प्रतिप्रश्न करतो. लाजरसची बहीण मार्था येशूला तोंडावर सुनावते, की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. स्नानसंस्काराच्या उंबरठ्यावरच्या माणसासमोर चर्च ज्यांना आदर्श म्हणून ठेवतं, ती ही बोलणारी, विचारणारी, रागावणारी माणसं आहेत.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र होतात. पण वर्ग तिथे संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीच्या सणापर्यंत, जे अनुभवलं त्यावर चिंतन चालू राहतं. आधी अनुभव आणि मग उलगडा, ही सिरिलच्या जेरुसलेममधली जुनी रीत.

माझी कळकळीची विनंती धर्मग्रामांना आहे. चौकशीचा तो पहिला टप्पा घाईत उरकू नका. धर्मगुरूंना वेळ नसेल तर एखाद्या जाणत्या जोडप्यानं ते काम अंगावर घ्यावं. विधीच्या पुस्तकातही संपूर्ण समाजाला ही जबाबदारी दिली आहे. ज्याला मोकळेपणानं शंका विचारता आली, त्याचा होकार त्याचा स्वतःचा असतो. आणि ज्यानं विचार करून नकार दिला, त्याचा निर्णयही तितकाच मानाचा आहे.

पुढच्या भागात : लग्नाआधीचा वर्ग. वधूवरांना चर्च काय शिकवतं आणि का?