घरीं बांधलेली शिवारगाडी : तिची हद्द व मालकाची जबाबदारी

शेतमाल शिवारांतून खळ्यावर व खळ्यावरून बाजारांत नेणें हा शेतीचा निम्मा धंदा आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. कांदा किंवा भाजीपाला कितीहि चांगला पिकला, तरी चिखलाच्या पाणंदींतून तो वेळेवर बाहेर न निघाल्यास त्याची किंमत वाटेंतच उतरते. बैलजोडी ठेवणें दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली लहान कामास बोजड पडते. आणि नवी चारचाकी मालगाडी घेणें सर्वांसच परवडतें असें नाहीं. म्हणून जुन्या जीपची चासी, भंगारांतील इंजिन व गांवच्या वेल्डिंगवाल्याचा हात यांच्या जोरावर, चिखलांत व बांधाबांधांनीं चालेल अशी पिकअप गाडी घरींच बांधावी, हा विचार पुष्कळ होतकरू तरुणांच्या मनांत येतो. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु कामास हात घालण्यापूर्वीं दोन प्रश्नांचा निकाल लावून घ्यावा. एक, गाडी चालेल कशी यापेक्षां ती थांबेल कशी; आणि दुसरा, ती कोणाच्या अंगावर गेल्यास भरपाई कशांतून द्यावी लागेल. प्रस्तुत लेखकाचा हात पान्यावर नव्हे, तर महसुलाच्या दप्तरावर चाललेला असल्यामुळें दुसऱ्या प्रश्नाचा विचार येथें विशेष केला आहे.

ही कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं विलीस व फोर्ड या कारखान्यांनीं १९४१ ते १९४५ या काळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. इंजिनाची शक्ति चारहि चाकांस पोंचविण्याची सोय, हें त्या गाडीचें मर्म होय. दोन चाकें चिखलांत फिरूं लागलीं तरी उरलेलीं दोन गाडीस ओढून काढतात. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीस कारखान्यानें तिची मुलकी आवृत्ति काढली व ती विशेषेंकरून शेतकऱ्यांपुढें मांडली. तिच्या इंजिनावर शेतीचीं इतर यंत्रें चालविण्याची जोडणीहि मागणीप्रमाणें मिळत असे. स्वातंत्र्यानंतर लौकरच महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि ती बांधणी आपल्या खेड्यापाड्यांतील मिस्त्रींच्या चांगल्या परिचयाची झाली. जुन्या जीपवर नवें काम करण्याची हौस अद्याप टिकून आहे, याचें कारण हेंच.

आतां बांधणीचा विचार करूं. ज्यांनीं बैलगाडी भरली आहे त्यांस यांतील पहिला नियम नव्यानें शिकवावा लागणार नाहीं. माल मागें जास्त झाला कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचलतें. पुढें जास्त झाला कीं ती धुरजड होते व बैलांच्या मानेवर भार येतो. पिकअपलाहि हाच न्याय लागू आहे. हौदा मागच्या आंसाच्या फार मागें नेल्यास भरल्या गाडीचीं पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि मग स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. म्हणून हौद्याचा मध्य मागच्या आंसाच्या किंचित् पुढें राहील, अशी मापें प्रथम जमिनीवर आंखून घ्यावीं व नंतरच लोखंड कापावें.

दुसरी गोष्ट उंचीची. दगडधोंडे चुकावेत म्हणून गाडी उंच करण्याचा मोह सर्वांस होतो. परंतु डाव्या व उजव्या चाकांतील अंतर ४ फूट असून गाडीचा भारमध्य जमिनीपासून २ फुटांवर असेल, तर उभी गाडी आडव्या उतारावर सुमारें ४५ अंशांपर्यंत कलंडत नाहीं. तोच भारमध्य ३ फुटांवर गेला कीं ती सुमारें ३४ अंशांवरच उलटते. हा हिशोब उभ्या गाडीचा झाला. चालत्या गाडीस वळण, खड्डा व हलणारा माल यांचा धक्का बसतो, त्यामुळें प्रत्यक्षांत ती याहून पुष्कळ आधीं उलटते. शिवाय कडब्याच्या पेंढ्या उंच रचल्या कीं भारमध्य आणखी वर चढतो, हें विसरतां कामा नये.

तिसरी गोष्ट ब्रेकची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. वेग दुप्पट झाला कीं गाडी थांबविण्यास लागणारा जोर दुप्पट नव्हे तर चौपट होतो. ताशीं २० किलोमीटरनें चालणारी गाडी ज्या ब्रेकनें सहज थांबते, तोच ब्रेक ४० किलोमीटरला अपुरा पडूं शकतो. त्यांतच २८ इंची टायर काढून ३३ इंची बसविले, तर चाकाचा व्यास सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो. त्या मानानें ब्रेकची पकड घटते आणि चढावर इंजिनाचा ओढहि कमी पडतो. मोठीं चाकें बसवावयाचीं तर ब्रेक व गियर यांचाहि विचार त्याबरोबरच झाला पाहिजे.

चासीच्या उभ्या पट्टीस भोंक पाडलें तर एक वेळ चालतें. वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांस मात्र पाडूं नये, कारण भाराचा खरा ताण त्यांवरच येतो. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या व इंधनाची टाकी काढून दूर ठेवावी. टाकी रिकामी दिसली तरी तींत वाफ असते, व ती भडकते. टाकीलाच वेल्डिंग करण्याचें धाडस कोणीहि करूं नये.

येथवर कारागिराचें काम झालें. येथून पुढें कायद्याचें सुरू होतें. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश या प्रांतांत पाण्याच्या पंपाचें डिझेल इंजिन बसवून बांधलेली ‘जुगाड’ नांवाची गाडी पुष्कळ वर्षें चालत आली. तिला मोटार वाहनाचे नियम लागू नाहींत, अशी समजूत होती. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, जुगाड हेंहि मोटार वाहनच आहे व नियम पाळल्यावांचून तें रस्त्यावर येऊं देऊं नये, असा निर्णय दिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणें नोंदणीवांचून, व कलम १४६ प्रमाणें तिऱ्हाइताच्या विम्यावांचून, वाहन सार्वजनिक जागीं चालवितां येत नाहीं. नोंदलेल्या गाडीच्या मूळ बनावटींत मनास येईल तसा फेरबदल करण्यास कलम ५२ आड येतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला.

सांगली जिल्ह्यांतील लोहारकाम करणाऱ्या एका कारागिरानें भंगारांतून जीपच्या आकाराची, पायानें किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. २०२१ च्या डिसेंबरांत आनंद महिंद्र यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. परंतु ती नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अडविली जाईल, हेंहि सांगून तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली, आणि २०२२ च्या जानेवारींत ती दिली. अशी अदलाबदल प्रत्येकाच्या वांट्यास येत नसते.

आतां जमीनदार शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवण्याची गोष्ट. नोंदणी नसलेल्या गाडीस विमा मिळत नाहीं. अशा गाडीखालीं माणूस सांपडल्यास मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकानें द्यावयाची. ती न दिल्यास कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवितें, व ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. म्हणजे प्रथम मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, आणि तेवढ्यानें न भागल्यास जमिनीची जप्ती व लिलाव. सातबाऱ्यावर हा बोजा चढला म्हणजे घरांतील सर्वांची झोंप उडते, हें आमच्या कचेरीनें वेळोवेळीं पाहिलेलें आहे. शेती सोपी व्हावी म्हणून बांधलेल्या गाडीपायीं शेतीच जावी, याहून मोठें नुकसान तें कोणतें?

कोणी म्हणेल, माझी गाडी डांबरी रस्त्यावर जाणारच नाहीं. पण ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे; लोकांस जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीहि वाट त्यांत येते. गांवनकाशावर दाखविलेली गाडीवाट किंवा पाणंद आपल्या दोन गटांमधून जात असेल, तर तेवढे पंधरावीस फूट ओलांडणें हेंहि सार्वजनिक जागीं वाहन चालविणेंच होय. याकरितां पान्यास हात घालण्यापूर्वीं आपल्या गटाचा नकाशा पाहावा, व आपल्या एकाच सलग क्षेत्रांत फिरण्यापुरतें काम गाडीस आहे कीं नाहीं हें ठरवावें. असल्यास ती खुशाल बांधावी. वेग कमी ठेवावा, हौद्यांत माणसें बसवूं नयेत, आणि पोरांच्या हातीं ती देऊं नये. माल बाजारापर्यंत न्यावयाचा असेल, तर रीतसर नोंदलेली जुनी पिकअप कागदपत्रें तपासून घ्यावी, आणि हौद्याचा कांहीं फेरबदल हवा असल्यास आधीं परिवहन कार्यालयाची लेखी मंजुरी मिळवावी. खर्च थोडा अधिक होईल, पण जमीन सुरक्षित राहील.

आमच्या तरुणांच्या हातीं कसब आहे, व त्याचा उपयोग शेतीस झालाच पाहिजे. त्यांच्या वडिलांनीं एवढेंच करावें कीं, मिस्त्रीकडे चासी टाकण्याच्या आधीं घरांतील सातबारा व गटनकाशा त्यांच्यापुढें उघडून ठेवावा, आणि गाडीची हद्द त्यावर बोटानें दाखवून द्यावी.