डोळे चोळणारं मूल

उन्हाळा लागला की काही मुलांच्या डोळ्यांची खाज थांबतच नाही. उजेड सोसवत नाही, चिकट, दोऱ्यासारखा स्राव येतो. वरची पापणी उलटली तर आत खडबडीत उंचवटे दिसतात. ही ‘व्हर्नल’ ॲलर्जी, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. अशा अनेकांना दमा, शिंका किंवा इसबही असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना तेही सांगावं. सतत चोळल्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येऊ शकतो. खरी भीती मात्र मला परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची वाटते. लगेच आराम पडतो म्हणून बाटली महिनोन् महिने चालू राहते आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून थेंब आणू नका.